नाकावरचा मस काढला, हनुवटीवरचा तीळ ठेवला : आठ महिन्यांनंतर

माझ्या चेहऱ्यावर दोन ठळक तीळ. एक उजव्या नाकपुडीवर, मसुराच्या डाळीएवढा, वर आलेला, त्यात एक राठ केस. दुसरा हनुवटीवर, सपाट, काळाभोर, आईला आहे अगदी त्याच जागी. पहिलीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच, "बाई, नाकावर माशी बसलीय!" मुलांचा राग कधी आला नाही, पण फळ्याकडे वळताना हात आपोआप नाकाकडे जायचा. घरचे म्हणाले, लग्नाला अडला नाही, आता चाळिशीत कशाला? मला वाटतं, स्वतःच्या चेहऱ्याबद्दल एवढं ठरवायचा हक्क चाळिशीतही असतो.

शेजारच्या काकूंनी चुना आणि खायचा सोडा लावायला सांगितलं. त्याच उपायाने माझ्या मावशीच्या मानेवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग कायमचा राहिलाय. कृपा करून हे कोणी करू नका.

आधी एका स्किन क्लिनिकमध्ये गेले. तिथे दोन्ही तीळ लेझरने, दहा मिनिटांत, पॅकेजमध्ये. काढलेला तुकडा, कर्करोग तर नाही ना हे पाहायला, तपासणीला पाठवणार का, विचारलं. लेझरने जाळल्यावर तुकडा उरतच नाही, हे उत्तर ऐकून परत आले.

मग त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगाच्या यंत्रातून दोन्ही पाहिले. कधीपासून आहे, वाढला का, रंग बदलला का, खाज येते का, रक्त येतं का, सगळं विचारलं. शेवटी एक प्रश्न मला अनपेक्षित होता : कान टोचल्यावर गाठ आली होती का? तशी गाठ येणाऱ्यांना चेहऱ्यावरही जाडसर व्रण येऊ शकतो, विशेषतः जबड्याच्या कडेला. मला आली नव्हती.

नाकावरचा वरवर खरवडून काढता येईल, म्हणाले. हनुवटीवरचा सपाट असल्याने पूर्ण जाडीत कापून टाके घालावे लागतील, म्हणजे ठिपक्याच्या जागी रेघ. नुसता लेझर मारला तर खाली रंग उरतो, आणि तो पुन्हा वर आला की सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला अवघड जातो. ऐकता ऐकता लक्षात आलं, हनुवटीवरच्या तिळाचा मला त्रास कधी नव्हताच. आपण दोन्हींची गाठोडी एकत्र बांधली होती.

नाकाशेजारी भूल देण्याचं इंजेक्शन झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. पुढे फक्त जळका वास. पंधरा मिनिटं. तुकडा तपासणीला गेला. आठवड्याने अहवाल आला, साधा तीळ, काळजीचं काही नाही. मेडिक्लेममध्ये सौंदर्यासाठीचं बसत नाही, पैसे खिशातले.

खपली नवव्या दिवशी स्वतःहून पडली. खाली गुलाबी, नितळ खड्डा. खूप आनंद झाला आणि तिथेच चूक केली. शाळेच्या मैदानावर कवायतीच्या सरावाला आठवडाभर सनस्क्रीनशिवाय उभी राहिले. दुसऱ्या महिन्यात तिथे कॉफीच्या रंगाचा डाग, तिळापेक्षा मोठा. दोन रात्री झोप लागली नाही. आपली त्वचा जखमेनंतर पटकन काळवंडते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग सकाळी आणि मधल्या सुट्टीत एसपीएफ ५० चं सनस्क्रीन न चुकता. डाग पुसट व्हायला चार महिने गेले.

आज जवळून, तिरक्या उजेडात, बारीक खळगा दिसतो. चौथ्या महिन्यात तोच राठ केस पुन्हा आला, कारण वरवर काढताना मूळ आतच राहतं. कात्रीने कापते. मुलं आता नाकाबद्दल काही बोलत नाहीत, आणि फळ्याकडे वळताना हातात फक्त खडू असतो.

हनुवटीवरच्या तिळाचा दर तीन महिन्यांनी, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढते. तीन फोटो झाले, फरक नाही. दिसला तर आईसारखा असला तरी तोही काढून तपासायला देईन.