एक्सा ब्लेडला भोक पाडणारं सॉलिड कार्बाइड बिट

डिचोलीला घराच्या पडवीत माझं छोटं वर्कशॉप आहे. वहिनीला मासे कापायला सुरी करून द्यायची होती, मशीनच्या जुन्या एक्सा ब्लेडची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याची. मूठ बसवायला दोन रिबिटांची भोकं हवीत, आणि तिथंच सगळं अडलं.

हे पातं हायस्पीड स्टीलचं, म्हणजे कापायच्या हत्यारांच्या कडक पोलादाचं, नेहमीचं बिटही हायस्पीडचं. दोघांचा कडकपणा सारखाच, मग कोण कुणाला कापणार? बिट किंचाळलं, टोक निळं पडलं, पात्यावर नुसता चकचकीत ठिपका. कोबाल्टच्या बिटाचंही तेच झालं. कानस असती तर चुलीत लाल करून रात्रभर राखेत पुरली असती, मऊ झाली असती. एक्सा ब्लेडचं पोलाद मात्र हवेत थंड होतानाच पुन्हा कडक होतं.

शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा ५ मिलिमीटरचं सॉलिड कार्बाइड बिट आणलं, म्हणजे अख्खं टंगस्टन कार्बाइडचं, पोलादाहून कडक, साडेचारशे रुपयांना. पहिलं बिट हातड्रिलला लावलं. भोक आरपार होता होता हात जरासा कलला आणि त्याचे दोन तुकडे झाले. कार्बाइड कडक खरं, पण काचेसारखं ठिसूळ. विकताना दुकानदारानं हे सांगायला हवं होतं, पाकिटावरही एक अक्षर नाही. याचा मला अजून राग आहे.

दुसरं आणलं ते टेबल ड्रिलला. पात्याखाली लोखंडी पट्टी ठेवून दोन्ही क्लॅम्पनं घट्ट आवळली, फेरे मिनिटाला आठशेच्या आसपास. भोकाची खूण ठोकायचा सेंटर पंच इथं चालत नाही, पंचाचंच टोक बसतं. ग्राइंडरनं बारीकशी खोच पाडली. दाब एकसारखा, मध्ये थांबायचं नाही. करड्या सुयांसारखा चुरा निघू लागला तेव्हा मी अक्षरशः श्वास रोखून बघत होतो! दोन मिलिमीटर जाडीला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तापलेल्या बिटावर पाणी ओतू नका, तडकतं. चष्मा हवाच.

काँक्रीटला भोक पाडायचं बिट स्वस्त पडतं, त्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा डाग देऊन जोडलेला असतो, पण त्याची धार बोथट. ती ग्राइंडरच्या साध्या दगडावर लागत नाही, हिरवा (सिलिकॉन कार्बाइडचा) दगड लागतो, आणि फार तापलं तर टोकाचा तो डाग सुटतो. एखाद्याच भोकापुरतं ठीक.

माझ्या बिटानं आतापर्यंत आठ भोकं पाडली, धार शाबूत आहे. टेबल ड्रिल असेल तर जरूर घ्या, नसेल तर पैसे घालवू नका. आणि माप रिबिटापेक्षा किंचित मोठं घ्या. माझी ५ मिलिमीटरची पितळी रिबिटं भोकात जाईनात. असल्या पोलादातलं भोक कानशीनं वाढवता येत नाही, म्हणून रिबिटंच घासत बसावं लागलं.