समई आणि हंड्यासाठी चिंच की पॉलिश?
देवघरातली समई आणि आजीचा तांब्याचा हंडा पुन्हा लखलखीत करायचा आहे, पण चिंच वापरावी की डबीतले पॉलिश, असा प्रश्न एका मैत्रिणीने विचारला. खर्चात चिंच-मीठ उजवे, कारण दोन्ही घरात असतातच. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यापितळेवरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवते आणि त्याखालचा धातू फारसा झिजत नाही. मात्र आम्लाचा अंश राहिल्यास भांडे लवकर डागाळते, म्हणून ते भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करणे अत्यावश्यक आहे. पॉलिशमधले बारीक कण पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात, त्यामुळे आरशासारखी चकाकी त्यानेच येते. परंतु दरवेळी धातूचा सूक्ष्म थर जातो, आणि जुन्या नक्षीच्या कडा अशाच बोथट होताना पाहून मला फार वाईट वाटते. शिवाय खाचांत अडकलेली पांढरी भुकटी काढायला बराच वेळ जातो. अ‍ॅल्युमिनियमचा काळेपणाही चिंचेच्या पाण्यात उकळून कमी होतो, चकाकी मात्र घासूनच येते. खाण्यापिण्याची भांडी आणि नक्षीदार समई यांना चिंच घ्यावी. दाराच्या कड्या, मुठी आणि सपाट शोभेच्या वस्तूंना पॉलिश योग्य आहे. कल्हई केलेल्या बाजूला ते मुळीच लावू नये.