सारण टर्कीच्या पोटात की वेगळ्या ट्रेमध्ये?

नाताळ जवळ आला की शरणपूर रोडवरच्या आमच्या घरात हा वाद ठरलेला.

पोटात भरलेल्या सारणाची चव भारी, मान्य. पाव, कांदा, सेलरी सगळं टर्कीचा रस पितं. पण त्याच कच्च्या रसात साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो, आणि सारण मधोमध दडलेलं असल्यानं सगळ्यात शेवटी तापतं. टर्कीची मांडी ७४ अंश सेल्सिअसला, म्हणजे जंतू मरतात तिथवर, पोचली तरी सारण मागेच. तेही ७४ होईपर्यंत थांबलं, की छातीच्या मांसाचा चोथा! भरायचंच तर ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी, सैलसर भरा. आदल्या रात्री भरून ठेवणं नकोच, फ्रीजमध्येसुद्धा. आणि नाशिकची थंडी कितीही कडक असो, ओटा म्हणजे फ्रीज नव्हे.

ट्रेमध्ये काम सोपं. वरून कुरकुरीत होतं, थर्मामीटर मधोमध खुपसला की लगेच कळतं. रस कमी पडतो? मान आणि पंख उकळून काढलेलं पाणी ओता. गेल्या वर्षी मी तेच केलं. सासूबाईंनी ट्रेच्या कडेची खरवड चाटूनपुसून खाल्ली, वर म्हणाल्याच, "पोटातलंच बरं असतं गं."