१:७२ चं जे-८ टू: हैनानची टक्कर हातात घेऊन बघायची असेल तर

खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, भाग जोडून बनवायचं हे मॉडेल देखणं आहे म्हणून मी मागवलं नाही. १ एप्रिल २००१ ला चीनच्या हैनान बेटापासून साधारण ११० किलोमीटरवर, आंतरराष्ट्रीय समुद्रावर, अमेरिकी नौदलाच्या ईपी-३ ई या टेहळणी विमानाला चीनचं जे लढाऊ विमान धडकलं, ते हे जे-८ टू. एक गोष्ट मला वाचून कधीच उलगडली नव्हती. आवाजाच्या दुप्पट वेगाचं लढाऊ विमान चार पंख्यांच्या संथ विमानाला धडकतंच कसं? हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्यासाठी या किटचे पैसे वसूल आहेत.

सोलापूरच्या नवी पेठेत बरीच दुकानं पालथी घातली, पण मला मिळालं नाही. शेवटी ऑनलाइन मागवलं. किट चिनी बनावटीचं, करड्या प्लास्टिकचं. पत्र्यांच्या जोडाच्या रेषा इतक्या बारीक आणि स्वच्छ कोरल्यात की हलक्या वॉशमध्येही (रेषांत मुरवायच्या पातळ रंगातही) उठून दिसतात. कॉकपिटवरची काच मात्र तडकलेली निघाली. विक्रेत्याला लगेच फोटो पाठवले, तर ‘बघतो’ म्हणाले आणि पुढे काहीच नाही. तडा चौकटीजवळ होता, तो रंगाखाली झाकला. पारदर्शक भाग वेगळ्या पुडीत घालणं कंपनीला काही जड नव्हतं.

दोन्ही बाजूंच्या हवा घेणाऱ्या तोंडांचा जोड नीट बसत नाही. पुट्टी, सँडपेपर, परत पुट्टी. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात हे काम दिवसा करूच नका. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, ब्रशवरच उडून जातं, अ‍ॅक्रिलिक रंग फवारायच्या एअरब्रशच्या तोंडात सुकतो. मी जेवणं उरकल्यावर गच्चीवर बसायचो. बेंचवर कारखान्यातला सेकंड मालाचा जाड टेरी टॉवेल अंथरला की बारीक भाग उसळून हरवत नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रॅपियर लूमच्या (यंत्रमागाच्या) दुरुस्तीवर असतो, त्यामुळे टॉवेलला तोटा नाही.

डीकॅलवर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रावर, ८११९२ हा आकडा आहे. धडकलेल्या जे-८ चा चिनी वैमानिक वांग वेई, त्याच्या विमानाचा. तो पॅराशूट घेऊन बाहेर पडला असं त्याच्या सोबतच्या वैमानिकानं सांगितलं, पण पुष्कळ शोधूनही सापडला नाही. मागे बायको आणि लहान मुलगा. पाण्यातून उचलून तो आकडा शेपटीकडे सरकवताना माझा हात जड झाला, हे खरं सांगतो. चीनमध्ये या आकड्याची आजही आठवण काढतात. किटच्या माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळही नाही, आणि हे मला फार खटकलं.

आता मुख्य गोष्ट. सोबत ठेवायला ईपी-३ हवं होतं. ते ज्या पी-३ विमानावरून बनलं, त्याचं जुनं किट मी घेतलं, शेपटीमागचा लांब दांडा कापला, पोटाखालचा रडारचा गोल फुगवटा पुट्टीनं घडवला. दोन्ही एकाच मापात शेजारी ठेवली तेव्हा डोळे उघडले. जे-८ टू जवळपास तीस सेंटिमीटर लांब, पण पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम तेरा. शेजारच्याचे बेचाळीस. त्रिकोणी, छोट्या पंखांचं हे विमान उंचावर सुसाट जाऊन शत्रूला गाठण्यासाठी बनवलेलं. मूळ जे-८ चं पहिलं उड्डाण १९६९ चं, या टू प्रकाराचं १९८४ चं. ईपी-३ त्या दिवशी ताशी सुमारे ३३० किलोमीटरनं चाललं होतं. त्याच्या बरोबरीनं राहायचं तर जे-८ ला नाक वर करून, पडण्याच्या बेतात तरंगावं लागतं. त्या अवस्थेत हलकीशी चूकही सावरायला जागा उरत नाही.

अमेरिकी वैमानिक शेन ऑसबॉर्न यांच्या सांगण्यानुसार जे-८ आधी पाचेक फुटांपर्यंत आलं होतं. या मापात पाच फूट म्हणजे दोन सेंटिमीटर. मी स्टँडवर तेवढंच अंतर ठेवलंय. लूमवर हलत्या भागांत किती फट सोडायची हे रोज बघतो, तरी या दोन सेंटिमीटरकडे बघून पोटात गोळा येतो. ईपी-३ चा डावीकडचा सगळ्यात बाहेरचा पंखा जे-८ च्या शेपटीत घुसला, जे-८ चे दोन तुकडे झाले. ईपी-३ चं नाक उडालं, ते हजारो फूट कोसळलं, आणि तरीही ऑसबॉर्न यांनी ते हैनानवरच्या लिंगशुईच्या धावपट्टीवर उतरवलं. २४ जण वाचले. ११ दिवस चीनच्या ताब्यात होते.

चीन म्हणतो, ईपी-३ अचानक वळलं. अमेरिका म्हणते, ऑटोपायलटवर सरळ जात होतं. मॉडेल याचा निकाल देत नाही. माझं मत असं की इतकं जवळ जाणारा वैमानिक आणि त्याला रोज तसं जाऊ देणारे वरिष्ठ, दोघांवरही जबाबदारी येते. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या पट्ट्यात परक्या लष्करानं काय करावं, हा वाद वेगळा. त्यात आपणही आहोत. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी युद्धनौका लक्षद्वीपजवळच्या आपल्या पट्ट्यातून न विचारता गेली, तेव्हा भारतानं हरकत नोंदवली होती. आणि १४ मार्च २०२३ ला काळ्या समुद्रावर रशियाच्या सुखोई-२७ नं अमेरिकी रीपर ड्रोनच्या पंख्यालाच धडक दिली. बावीस वर्षांनी परत पंखाच. सुदैवानं त्यात माणूस नव्हता.

पाचपैकी साडेतीन. आयुष्यातलं पहिलंच मॉडेल असेल तर हे घेऊ नका, हवेच्या तोंडांचा जोड हिरमोड करेल. पी-३ सोबत करणार असाल तर काचेचं कपाट आधी मापून घ्या, दोन्ही मिळून पाऊण मीटर तरी रुंदी लागते. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढाच.