फ्रिजचा गॅस वजनावर भरायचा की गेज बघून?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गेजवर, म्हणजे दाब मोजणाऱ्या मीटरवर, दाबही चढतो. तो बघून अंदाजाने गॅस भरणं महागात पडतं. घरच्या फ्रिजमध्ये हल्ली बहुधा आर-६००ए (आयसोब्युटेन) हा गॅस असतो, तोही पुष्कळदा १०० ग्रॅमच्या आतच. दहा ग्रॅम जास्त गेला तरी कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर दव धरतं. शिवाय लो साइडचा, म्हणजे त्याच परतीच्या बाजूचा, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असू शकतो. तिथे गळती असली तर हवा आत ओढली जाते आणि गेज फसवतो.

डिजिटल काट्यावर फ्रिजच्या प्लेटवर छापलेलं वजन तोलून भरणंच खरं. त्याआधी नवा फिल्टर ड्रायर (ओल आणि कचरा अडवणारी जाळी), मग पंपाने हवा ओढून ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्युम मोजायचं माप) व्हॅक्युम. हा गॅस पेट घेतो, म्हणून नळ्यांतून नायट्रोजन फिरवल्याशिवाय जोडकामाचा टॉर्च पेटवू देऊ नका. लॉकरिंगचा, म्हणजे ज्वाळेशिवाय दाबून बसवलेल्या कड्याचा, जोड त्याहून निर्धोक.