तीन महिन्यांचे काम अकरा महिन्यांत: खास बनवून घेतलेल्या डेटाबेसचा अनुभव

ग्राहक, मागण्या, साठा आणि येणे-बाकी यांची नोंद एकाच ठिकाणी राहावी, म्हणून आमच्या घाऊक व्यवसायासाठी आम्ही एका लहान सॉफ्टवेअर कंपनीकडून डेटाबेस बनवून घेतला. 3 महिन्यांत मिळणारे काम 11 महिन्यांनी हाती आले. उशिराचा सगळा दोष मी कंपनीच्या माथी मारणार नाही. तिला पूर्ण मोकळेही सोडणार नाही.

पहिले दोन महिने एकही स्क्रीन दिसली नाही, तेव्हा आमच्याकडे कुरकुर सुरू झाली. प्रत्यक्षात त्या काळात 'ग्राहक' म्हणजे नेमका कोण, याच प्रश्नावर बैठका झडत होत्या. विक्री विभागाच्या लेखी प्रत्येक दुकान हा वेगळा ग्राहक होता, तर हिशेब विभाग ज्याच्या नावे बिल निघते त्यालाच ग्राहक मानत होता. एका मालकाची चार दुकाने असल्यास उधारीची मर्यादा कोणाला लावायची, हे आजवर तोंडीच ठरत आले होते. वहीत असा प्रश्न समासातल्या शेऱ्याने मिटतो. डेटाबेसमधल्या टेबलांची, म्हणजे माहिती साठवण्याच्या तक्त्यांची, रचना करताना मात्र तो आधी सोडवावाच लागतो, कारण पुढे उत्तर बदलले तर त्या रचनेवर उभा असलेला प्रत्येक अहवाल बदलावा लागतो.

सर्वाधिक वेळ जुनी माहिती नव्या डेटाबेसमध्ये आणण्यात गेला. एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील शीटवर 65,536 ओळीच मावत असल्याने कोणीतरी यादीचे तुकडे केले होते आणि कित्येक नावे दोन्ही तुकड्यांत वेगवेगळ्या पत्त्यांसह राहिली होती. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच जपते, त्यामुळे त्याहून लांब खाते क्रमांकांच्या शेवटी शून्ये बसली होती. 03/04 ही तारीख मार्चची की एप्रिलची, हे तर प्रोग्रामला कळणे शक्यच नव्हते; कागदी बिले काढून माणसांनाच ते तपासावे लागले. ही माणसे आमचीच होती आणि त्यांना रोजचे काम सांभाळून हे करायचे होते. भरीस भर म्हणून, परत आलेला माल अंशतः स्वीकारण्याची सोय आम्ही ऐन मध्यावर मागितली.

शेवटचा महिना जुनी व नवी पद्धत बरोबरीने चालवण्यात गेला, आणि तो अजिबात वाया गेला नाही. रोज संध्याकाळी बेरजांत किरकोळ फरक येई. जुन्या पद्धतीत कराचे पूर्णांकन एकूण रकमेवर होत होते, नव्या पद्धतीत ते प्रत्येक ओळीवर होत होते, हे तेव्हाच उघड झाले.

कंपनीची चूक एकच, पण मोठी: जुन्या फायलींचा नमुनाही न पाहता तिने मुदत सांगितली. त्यासाठी पाचपैकी एक तारा कापला आहे. दुसऱ्या टप्प्याची तारीख देण्यापूर्वी मात्र तिने सगळ्या फायली मागवून घेतल्या.