नील्स फ्राम, ख्रुआंगबिन, साम्फा: उन्हाळाभर आणि पावसाळाभर ऐकून झाल्यावर

नवा अल्बम आला की पहिल्या आठवड्यात त्यावर ढीगभर मतं येतात. पुढे तो घरात कसा नांदतो, हे कुणी सांगत नाही. जर्मन पियानोवादक नील्स फ्रामचा ‘डे’ (२०२४), ख्रुआंगबिन या बँडचा ‘आ ला साला’ (२०२४) आणि ब्रिटिश गायक साम्फाचा ‘लहाई’ (२०२३) हे तीन अल्बम मी एप्रिलपासून सोलापुरात ऐकतोय. पियानो, फंक (बेस आणि ड्रम्सच्या ठेक्यावर चालणारं संगीत) आणि इलेक्ट्रॉनिक सोल (यंत्राच्या सुरांवर भावभरं गाणं). तिन्ही मनापासून आवडले, पण तिघांच्या मागण्या वेगवेगळ्या आहेत.

‘डे’मध्ये सहा रचना आणि एकटा पियानो, बस्स. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हा अल्बम जवळजवळ ऐकूच येत नाही. पारा चाळिशीपार, खिडकीत कूलर, डोक्यावर पंखा. फ्रामचा हात इतका हलका की कूलरच्या घरघरीत निम्मे सूर बुडतात. आवाज वाढवला तर मधलाच एखादा ठसठशीत स्वर कानात घुसतो. जूनमध्ये पाऊस पडला, कूलर बंद झाला आणि मग कळलं की यात किती काय काय आहे. पेडलची करकर, तारेवर पडणारी हातोडी मागे येतानाचा बारीकसा टक्. २०११च्या ‘फेल्ट’ अल्बमच्या वेळी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून फ्रामने तारांवर फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, घातलं होतं आणि माइक पार पियानोच्या पोटात नेले होते. तेव्हापासून पियानोच्या अंगातले आवाज त्याच्या संगीतातच मुरले आहेत. आमच्या घरामागे यंत्रमाग चालतात. यंत्राचा आवाज म्हणजे नुसता गोंगाट नव्हे, हे या भागात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. ऐकण्याआधी अ‍ॅपमधलं क्रॉसफेड (एक रचना संपता संपता दुसरी तिच्यात मिसळणारी सोय) मात्र बंद करा, नाहीतर पुढची रचना आधीच्या रचनेनंतरची शांतता गिळून टाकते.

ख्रुआंगबिन हे ह्यूस्टनचं त्रिकूट: बेसवर लॉरा ली, गिटारवर मार्क स्पीअर, ड्रम्सवर डोनाल्ड जॉन्सन. हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झची, आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही. बेस गेला की मागे नुसती गोड गिटार उरते. बऱ्यापैकी स्पीकरवर लावल्यावर अप्पा पेपर खाली ठेवून ऐकत बसले. त्यांचं सगळं आयुष्य मागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग नीट चालते ठेवण्यात गेलं, ताल कुठे चुकतो ते त्यांना लगेच कळतं. म्हणाले, “ह्या ड्रमवाल्याला घाई नाही बघ.” मला तरी यापेक्षा नेमकं काही सांगता येणार नाही. ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांचा दणका, घाम काढणारा नाच हवा असेल तर हा अल्बम तुमचा नाही. उत्तरार्धात दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळूनही जातात.

आणि ‘लहाई’. हा सगळ्यांत हळूहळू उलगडला, आणि सगळ्यांत जास्त ओढही यानेच लावली. साम्फाच्या आधीच्या ‘प्रोसेस’ला २०१७चं मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार, मिळालं होतं. त्यात आई गेल्याचं दुःख होतं. त्यानंतर सहा वर्षांनी हा अल्बम आला, आणि मधल्या काळात तो बाप झाला होता. लहाई हे त्याच्या आजोबांचं नाव आणि त्याचं स्वतःचं मधलं नाव. आजोबांचं नाव नातवाला ठेवणारी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे या गाण्यांतली पिढ्यांची ओढ मला परकी वाटली नाही.

हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाता-येता ऐकताना त्याची रचना हळूहळू ध्यानात आली. खाली ड्रम्स तुकड्या-तुकड्यांत सुसाट पळतात, वर पियानो आणि साम्फाचा तो किंचित घोगरा, भिजलेला गळा सावकाश चालतो. दोन वेग एकाच वेळी. आधी कान ड्रम्सच्या मागे लागतो आणि दमतो. काही आठवड्यांनी तो आपसूक गळ्यावर टेकतो, मग त्याच गाण्यात ऐसपैस जागा सापडते. इलेक्ट्रॉनिक संगीत कोरडं असतं म्हणणाऱ्यांना मी हाच अल्बम देतो. त्रुटी आहेतच: मधले काही छोटे तुकडे अर्धवट सोडल्यासारखे वाटतात, आणि कुठे कुठे आवाजावर आवाज चढवून गर्दी केली आहे. शब्दही भरभर येतात, म्हणून निदान एकदा तरी गीतं समोर ठेवून ऐका. ‘स्पिरिट २.०’ या गाण्यापासून सुरुवात केली तरी चालेल. इयरफोन मात्र वायरचे घ्या, आणि गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण वाटेत रेंज जाते.